इंग्रजी उताऱ्यांचे आकलन: उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांच्या सरावाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्द ओळखीचे असतात, वाक्येही वाचता येतात, तरीही उतारा संपल्यावर त्यात नेमके काय होते ते सांगता येत नाही. असे का होते?

फिलिप गफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये असे मांडले की वाचनाचे आकलन म्हणजे छापील शब्द ओळखण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार होय. बेरीज न म्हणता गुणाकार म्हणण्यामागे कारण आहे: एक बाजू फारच दुबळी असेल, तर दुसरी कितीही सबळ असली तरी ती उणीव भरून निघत नाही. या वयातील बहुतेक विद्यार्थ्यांना शब्द उच्चारता येतात, त्यामुळे आपल्याला वाचता येते असा त्यांचा समज होतो. अडचण दुसऱ्या बाजूला असते. लांब वाक्याची रचना उलगडत नाही, एका वाक्याचा पुढच्या वाक्याशी असलेला संबंध निसटतो किंवा उताऱ्याचा विषयच पूर्णपणे अपरिचित असतो.

यांपैकी आपले कारण कोणते, हे ओळखण्याची एक सोपी पद्धत आहे. प्रत्येक परिच्छेद वाचून झाल्यावर उतारा झाकावा आणि त्या परिच्छेदाने काय काम केले ते आपल्या भाषेत एका वाक्यात लिहावे: दावा मांडला, उदाहरण दिले, शंका घेतली की जुने मत खोडले. वाक्य लिहिता आले नाही, तर पुन्हा उताऱ्याकडे जाऊन प्रत्येक वाक्य सुटे घेतल्यावर कळते का, ते तपासावे. सुटी वाक्ये कळत असतील, तर जोडणीचा सराव हवा. तीच कळत नसतील, तर आधी शब्द आणि वाक्यरचना यांवर मेहनत घ्यावी लागेल.

दररोज किती उतारे सोडवावेत?

एक उतारा नीट सोडवून त्याची नीट चिकित्सा केली, तरी दिवसाचा सराव पुरेसा होतो. पाच उतारे सोडवायचे, उत्तरसूची पाहून गुण मोजायचे आणि पान उलटायचे, या पद्धतीने आपली आजची पातळी कळते. ती वाढत मात्र नाही. उतारा प्रथम वेळ लावून सोडवावा. त्यानंतर उत्तरसूची न पाहता, वेळेचे बंधन न ठेवता तोच उतारा पुन्हा घ्यावा आणि प्रत्येक उत्तराचा आधार असलेले वाक्य अधोरेखित करावे. उत्तरे त्यानंतरच ताडून पाहावीत.

या दोन फेऱ्यांतील फरक फार बोलका असतो. पहिल्या फेरीत चुकलेले आणि दुसऱ्या फेरीत बरोबर आलेले उत्तर वेगाचा किंवा घाईचा प्रश्न दाखवते. दोन्ही फेऱ्यांत चुकलेले उत्तर आकलनाची उणीव दाखवते. या दोन दुखण्यांवरचे उपाय वेगळे आहेत आणि ती एकत्र मोजली की महिनोन्‌महिने सराव करूनही गुण जागचे हलत नाहीत.

आधी प्रश्न वाचावेत की आधी उतारा?

याबाबत एकच नियम सांगणाऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये. सन, नाव, संख्या किंवा एखादा विशिष्ट तपशील विचारणारे प्रश्न आधी पाहिले तर शोध लवकर लागतो. मध्यवर्ती कल्पना, लेखकाची भूमिका किंवा परिच्छेदाचा हेतू विचारणाऱ्या प्रश्नांसाठी मात्र उतारा सलग वाचलेलाच बरा, कारण प्रश्न डोक्यात ठेवून वाचणारा विद्यार्थी ओळखीचा शब्द दिसताच तिथे थांबतो आणि लेखाचा ओघ हरवून बसतो. मधला मार्ग असा की प्रश्नांची केवळ मूळ वाक्ये चाळावीत, पर्याय मुळीच वाचू नयेत आणि मग उतारा सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावा. पर्याय आधी वाचण्याचा तोटा मोठा आहे: चारपैकी तीन विधाने चुकीची असतात आणि उतारा वाचण्यापूर्वीच ती मनात बसलेली असतात.

अनोळखी शब्द आला की काय करावे? प्रत्येक वेळी शब्दकोश पाहावा का?

येथे थोडे गणित उपयोगी पडते. कथात्म मजकूर इतर कोणत्याही मदतीविना समाधानकारकपणे समजण्यासाठी त्यातील सुमारे ९८ टक्के शब्द आधीपासून माहीत असावे लागतात, असा निष्कर्ष हू आणि पॉल नेशन यांनी २००० मध्ये मांडला. चारशे शब्दांच्या उताऱ्यात याचा अर्थ साधारण आठ अनोळखी शब्द असा होतो. हेच प्रमाण ९५ टक्क्यांवर आले की अनोळखी शब्दांची संख्या वीसवर जाते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक वाक्यात एक. अशा उताऱ्यात संदर्भावरून अर्थ काढण्याचा सल्ला व्यर्थ ठरतो, कारण ज्याच्या आधारे अर्थ काढायचा तो संदर्भच अर्धवट कळलेला असतो. म्हणून सरावाचा उतारा निवडताना आधी अनोळखी शब्द मोजावेत. ते फार असतील, तर तो उतारा सध्या बाजूला ठेवणे यात कमीपणा नाही.

अनोळखी शब्द मोजकेच असतील, तर प्रथम वाचनात शब्दकोश उघडू नये. आधी तो शब्द वाक्यात नाम, क्रियापद की विशेषण म्हणून आला आहे ते ठरवावे. मग त्याचा सूर अनुकूल आहे की प्रतिकूल, ते शेजारच्या शब्दांवरून पाहावे. ‘हाउएव्हर’, ‘बट’, ‘अनलाइक’ यांसारखे शब्द जवळ असतील, तर अर्थ आधीच्या विधानाच्या उलट दिशेला असणार. ‘सच अ‍ॅज’ नंतर उदाहरणे येतात आणि उदाहरणांवरून वर्गाचा अर्थ कळतो. शब्दाचे तुकडेही मदत करतात: सुरुवातीचे ‘अन’, ‘इन’, ‘मिस’, ‘डिस’ हे बहुधा नकाराचे किंवा बिघाडाचे सूचक असतात. तरीही येथे सावध राहावे. ‘इनव्हॅल्युएबल’ हा शब्द नकारार्थी दिसत असला, तरी त्याचा अर्थ अत्यंत मौल्यवान असा आहे आणि प्रश्नकर्त्यांना असे शब्द फार आवडतात.

त्याहूनही जास्त गुण घालवणारा प्रकार ओळखीच्या शब्दांचा आहे. ‘अ‍ॅड्रेस’ म्हणजे पत्ता, ‘कंडक्ट’ म्हणजे वर्तन, ‘साउंड’ म्हणजे आवाज, असे पाठ असलेला विद्यार्थी ‘अ‍ॅड्रेस द प्रॉब्लेम’ (प्रश्न हाताळणे) किंवा ‘साउंड जजमेंट’ (योग्य निर्णयशक्ती) येथे अडखळतो, पण आपण अडखळलो आहोत हे त्याच्या लक्षात येत नाही. उताऱ्यातील शब्दाचा अर्थ विचारणारे प्रश्न बहुधा अशाच शब्दांवर असतात. प्रत्येक पर्याय मूळ वाक्यात त्या शब्दाच्या जागी ठेवून पूर्ण वाक्य वाचावे. सर्वांत परिचित अर्थ हा अनेकदा चकवा असतो.

साधारण किती शब्दसंग्रह पुरेसा मानावा?

मायकेल वेस्ट यांची १९५३ मधील सुमारे दोन हजार मूलभूत शब्दांची यादी आणि अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची २००० मधील ५७० शब्दकुलांची शैक्षणिक यादी, या दोन टप्प्यांपासून सुरुवात करणे सोयीचे आहे. शब्दकूल म्हणजे एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपे. दुसऱ्या यादीतील ‘अ‍ॅझ्यूम’, ‘डिराइव्ह’, ‘सिग्निफिकंट’, ‘कॉन्ट्रास्ट’ यांसारखे शब्द विज्ञान, अर्थशास्त्र, इतिहास अशा सर्वच विषयांच्या लेखनात येतात, त्यामुळे त्यांवर घालवलेला वेळ लवकर फळ देतो. कादंबऱ्या आणि वृत्तपत्रे विनासायास वाचायची असतील, तर आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात, असा अंदाज नेशन यांनी २००६ मध्ये दिला होता. तो आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही. परीक्षेचे उतारे बहुतेक वेळा त्यापेक्षा बरेच सोपे करून दिलेले असतात.

लांबलचक वाक्यांत वाट चुकते. त्यावर उपाय काय?

मराठी वाचकाची ही अडचण स्वाभाविक आहे. मराठी वाक्यात मुख्य क्रियापद शेवटी येते आणि नामाचे वर्णन सामान्यतः नामाच्या आधी. इंग्रजीत कर्त्यानंतर लगेच क्रियापद अपेक्षित असते. परंतु त्या दोघांच्या मध्ये वर्णनाचे उपवाक्य घुसले की वाचकाची फसगत होते. ‘द रिपोर्ट दॅट द कमिटी रिजेक्टेड लास्ट इयर हॅज नाउ बीन पब्लिश्ड’ हे वाक्य पाहा. घाईत वाचणाऱ्याच्या मनात समितीने अहवाल फेटाळला एवढेच उरते. वाक्याचे मुख्य विधान मात्र अहवाल आता प्रसिद्ध झाला आहे, हे आहे. फेटाळणे ही त्या अहवालाची केवळ ओळख आहे. यावर प्रश्न आला की पहिल्या समजुतीचा विद्यार्थी हमखास चुकीचा पर्याय निवडतो.

सरावासाठी दर उताऱ्यातील सर्वांत लांब दोन वाक्ये वहीत उतरवून घ्यावीत. त्यांतील ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांनी सुरू होणारी उपवाक्ये आणि दोन स्वल्पविरामांमधील जादा माहिती कंसात टाकावी. कंसाबाहेर जे उरेल त्यात कोणी, काय केले, एवढे शोधावे आणि मग कंस एकेक करून उघडावेत. काही आठवड्यांनी कंस कागदावर घालावे लागत नाहीत, नजर ते आपोआप घालते. याच वेळी ‘इट’, ‘दिस’, ‘दे’, ‘सच’ हे शब्द नेमके कोणाकडे निर्देश करतात, तेही बाण काढून दाखवावे. ‘दिस’ हा शब्द पुष्कळदा एखाद्या नामाऐवजी मागच्या संपूर्ण विधानाकडे निर्देश करतो, हे पाठ्यपुस्तकांत क्वचितच ठळकपणे सांगितले जाते.

वाचताना मनात मराठी भाषांतर करणे चूक आहे का?

चूक नाही, पण सरसकट भाषांतर महाग पडते. अडलेले वाक्य मराठीत मांडून पाहिल्याने ते खरोखर कळले की नाही याचा निवाडा होतो. प्रत्येक वाक्याचे शब्दशः भाषांतर करत गेल्यास मात्र स्मरणशक्ती शब्द जुळवण्यातच गुंतते आणि परिच्छेदाचा युक्तिवाद डोळ्यांआड होतो. भाषांतर अडलेल्या जागेपुरते आणि सारांश मात्र प्रत्येक परिच्छेदाचा, ही विभागणी व्यवहारात चांगली चालते.

नेहमी दोन पर्याय उरतात आणि मी चुकीचाच निवडतो. हे कसे टाळावे?

चुकीचे पर्याय निष्काळजीपणे लिहिलेले नसतात, ते ठरावीक पद्धतींनी तयार केले जातात. त्या पद्धती ओळखता येऊ लागल्या की हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. समजा, उताऱ्याचा आशय असा आहे: रात्री अंड्यांतून बाहेर पडणारी समुद्री कासवांची पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने सरकतात, एरवी तो उजेड समुद्राकडे असतो, परंतु किनाऱ्यावर वस्तीचे दिवे असले की पिल्ले जमिनीकडे भरकटतात. एका किनाऱ्यावर दिवे झाकल्यानंतर भरकटणाऱ्या पिल्लांची संख्या घटली. मात्र त्याच काळात तेथील रात्रीची वर्दळही कमी झाली होती. दिवे झाकण्याविषयी लेखक काय सूचित करतो, असा प्रश्न आहे आणि पर्याय पुढीलप्रमाणे आहेत.

(अ) दिवे झाकल्यामुळे पिल्लांचे भरकटणे थांबले.
(आ) दिवे झाकणे उपयोगी ठरले असावे, परंतु घट केवळ त्यामुळेच झाली असे ठरवता येत नाही.
(इ) समुद्री कासवांच्या अनेक जाती धोक्यात असल्याने किनाऱ्यांवरील दिव्यांवर बंदी हवी.
(ई) पिल्ले भरकटण्याचे खरे कारण दिवे नसून रात्रीची वर्दळ हे होते.

पहिल्या पर्यायात ‘घटली’चे ‘थांबले’ झाले आहे आणि लेखकाने राखून ठेवलेला कार्यकारणसंबंध पक्का केला आहे. तिसऱ्या पर्यायाचा पूर्वार्ध जगात खरा आहे, पण या उताऱ्यात त्याविषयी अवाक्षर नाही. चांगले सामान्यज्ञान असलेले विद्यार्थीच येथे अधिक फसतात. चौथा पर्याय उताऱ्यातील एक शब्द उचलतो आणि त्याला लेखकाने न दिलेले वजन देतो. दुसरा पर्याय दिसायला मिळमिळीत आहे, त्यात उताऱ्यातील ठसठशीत शब्दही फारसे नाहीत, तरीही तोच बरोबर आहे. हे वारंवार घडते: अचूक पर्याय आशय वेगळ्या शब्दांत मांडतो, तर चकवा उताऱ्याचेच शब्द वापरून आशय बदलतो.

म्हणून दोन पर्याय उरल्यावर ‘कोणता अधिक चांगला वाटतो’ असे विचारू नये. दोन्हींतील फरक नेमक्या कोणत्या शब्दात आहे, तो शब्द शोधावा आणि त्या शब्दाला उताऱ्यात आधार आहे का, एवढेच पाहावे. ‘ऑल’, ‘नेव्हर’, ‘ओन्ली’, ‘ऑल्वेज’ असे टोकाचे शब्द दिसले की तपासणी कडक करावी, पण असा पर्याय डोळे मिटून खोडूही नये. कधी कधी लेखकानेच टोकाचे विधान केलेले असते.

अनुमानावर आधारित प्रश्नांत आपली कल्पनाशक्ती किती वापरावी?

जितकी कमी, तितकी बरी. परीक्षेतील अनुमान म्हणजे उताऱ्यातील एक किंवा दोन विधानांवरून अपरिहार्यपणे निघणारे तिसरे विधान. ते उताऱ्यात शब्दशः नसते, पण ते नाकारले तर उताऱ्यातील एखादे वाक्य खोटे ठरते. ही कसोटी उलट बाजूने लावावी: पर्याय खोटा मानूनही उतारा जसाच्या तसा खरा राहू शकत असेल, तर तो पर्याय अनुमान नसून अंदाज आहे.

विधान चूक आहे आणि माहिती दिलेली नाही, या दोहोंत गोंधळ होतो. फरक कसा करावा?

आयईएलटीएससारख्या परीक्षांत हा प्रकार येतो. विधान चूक ठरवण्यासाठी त्याच्या विरुद्ध जाणारे वाक्य उताऱ्यात दाखवता आले पाहिजे. तसे वाक्य सापडत नसेल आणि विधानाला दुजोराही मिळत नसेल, तर माहिती दिलेली नाही हेच उत्तर. आपल्याला स्वतःला ते विधान खरे किंवा खोटे असल्याचे माहीत असणे येथे गैरलागू आहे.

वाचनाचा वेग कसा वाढवावा? शीघ्रवाचनाचे अभ्यासक्रम उपयोगी आहेत का?

मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेऊन असे दाखवले की इंग्रजीतील माहितीपर मजकूर मूकपणे वाचणाऱ्या प्रौढांचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे २३८ शब्द असतो. इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही, त्यांचा वेग त्याहून कमी असणे साहजिक आहे. मिनिटाला हजार शब्दांचे आश्वासन देणाऱ्या अभ्यासक्रमांबाबत कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये केलेल्या समीक्षेचा निष्कर्ष स्पष्ट आहे: वेग फार वाढवला की आकलनाची किंमत मोजावी लागते. मागे वळून पुन्हा वाचू नका, हा त्या अभ्यासक्रमांतील लाडका नियमही टिकत नाही, कारण वाचकाला मागे जाण्यास मज्जाव केला तर त्याचे आकलन घटते.

वेग वाढतो तो शब्द आणि रचना झटकन ओळखता येऊ लागल्यामुळे, आणि ती ओळख पुष्कळ सोप्या वाचनातून येते. कठीण उतारे घोकून ती येत नाही. परीक्षेतला वाया जाणारा वेळही बहुधा वाचनात जात नाही. एका अडलेल्या प्रश्नावर जातो. त्या प्रश्नाला खूण करून पुढे जाण्याची सवय सरावातच लावून घ्यावी.

उताऱ्यांव्यतिरिक्त काय वाचावे?

आपल्या पातळीपेक्षा किंचित सोपे आणि आवडीचे काहीही. त्याबरोबरच विषयांची विविधता जाणीवपूर्वक राखावी. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांच्या १९८८ मधील प्रयोगात बेसबॉलच्या सामन्याचे वर्णन विद्यार्थ्यांना वाचायला दिले होते; वाचनात कच्चे समजले जाणारे, पण खेळाची चांगली माहिती असलेले विद्यार्थी वाचनात पक्के, पण खेळाची माहिती नसलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सरस ठरले. विषयाचे ज्ञान आकलनाला एवढा आधार देते. त्यामुळे लसी कशा काम करतात, महागाई कशाने वाढते, जुने नकाशे कसे बनत, अशा विषयांवरचे वाचन मराठीत केले तरी त्याचा लाभ इंग्रजी उताऱ्यात मिळतो. हा मुद्दा शिकवणीच्या वर्गांत जवळजवळ ऐकूच येत नाही, याचे आश्चर्य वाटते.

१९७१ मध्ये सुरू झालेल्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर हक्कमुक्त इंग्रजी पुस्तके विनामूल्य मिळतात. त्यांतील बरीचशी जुन्या वळणाच्या इंग्रजीत आहेत, म्हणून आजच्या परीक्षेच्या तयारीसाठी केवळ त्यांवर अवलंबून राहू नये.

छापील कागदावर सराव करावा की पडद्यावर?

परीक्षा ज्या माध्यमात होणार असेल, त्या माध्यमात निदान अर्धा सराव व्हावा. माहितीपर मजकूर, विशेषतः वेळेचे बंधन असताना, कागदावर काहीसा अधिक चांगला समजतो, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले. कथात्म मजकुराबाबत असा फरक आढळला नाही. पडद्यावर वाचताना हाताशी कोरा कागद ठेवून परिच्छेदवार टिपा काढल्यास बराच फायदा होतो.

वर्गात किंवा मित्रांच्या गटात हा सराव कसा घ्यावा?

अ‍ॅनमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राउन यांनी १९८४ मध्ये मांडलेली पद्धत गटासाठी उत्तम आहे. परिच्छेद वाचून झाल्यावर एकाने सारांश सांगायचा, दुसऱ्याने त्यावर प्रश्न विचारायचा, तिसऱ्याने अडलेली जागा स्पष्ट करायची आणि चौथ्याने पुढे काय येईल याचा अंदाज बांधायचा. पुढच्या परिच्छेदाला भूमिका बदलायच्या. शिक्षकांनी सुरुवातीला स्वतः मोठ्याने विचार करून दाखवावा आणि मग हळूहळू मागे सरावे. गटात एकच हुशार विद्यार्थी सगळे बोलू लागला की पद्धत कोसळते, म्हणून भूमिकांची अदलाबदल काटेकोरपणे पाळावी.

उत्तरसूचीतील उत्तर पटत नसेल तर काय करावे?

आपल्या उत्तराचा आणि सूचीतील उत्तराचा आधार, दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी लिहावीत. बहुतेक वेळा लिहिता लिहिताच आपण कोणता शब्द नजरेआड केला ते दिसते. तसे दिसले नाही, तर तो प्रश्न शिक्षकांना दाखवावा. तेही सूचीतील उत्तराला उताऱ्यातून आधार देऊ शकले नाहीत, तर ते उत्तर चुकीचे छापले गेले असण्याची शक्यता खरी आहे. सराव पुस्तकांत असे होते. अशा प्रश्नावर खूण करून तो नोंदींतून वगळावा आणि एकाच पुस्तकात असे प्रश्न पुन्हा पुन्हा आढळू लागले, तर पुस्तक बदलावे.